सुरईच्या गळ्यातला मोर

नाईलचं पाणी चढायला लागलं होतं, घाटावर लाल गाळ साचला होता आणि माझा पाय नेमका तिसऱ्या पायरीवर सटकला. सुरई फुटली. हातात उरला नुसता गळा.

“मोर वाचला,” मागून कुणीतरी म्हणालं.

वळून पाहिलं, तर कोपरापर्यंत मातीने माखलेला एक तरुण. मी चिखलात बसकण मारलेली, आणि हा म्हणे मोर वाचला!

“कसला मोर?”

त्याने तो गळा घेऊन उन्हाकडे धरला. पाण्यात किडामुंगी जाऊ नये म्हणून सुरईच्या गळ्यात मातीची जाळी असते, एवढं मलाही ठाऊक होतं. पण या जाळीची भोकं अशी कोरली होती की त्यांच्या मधोमध एक मोर उभा राहिला होता. दीड बोटाचा. वर्षभर मी त्या सुरईचं पाणी प्यायले, एकदाही आत डोकावले नव्हते.

“तू कोरलास?”

“हो.”

“मग बाहेरून का नाही कोरलास? चार लोकांनी पाहिला तरी असता.”

“बाहेरचं... सगळेच बघतात.”

त्या दिवशी तो एकूण सहा शब्द बोलला. मी मोजले. अब्बांचं उकडलेल्या हरभऱ्यांचं दुकान मी दहाव्या वर्षापासून सांभाळते. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत त्याची भूक मला कळते. हा मात्र कळेना. नाव बिश्र, फुस्तात शहराच्या कुंभारवाड्यात शेवटच्या भट्टीपाशी त्याचं चाक, एवढं काय ते घाटावरच्या बायकांकडून कळलं.

पुढच्या दोन महिन्यांत आमच्याकडे पाच सुरया आल्या. घरात माणसं दोन.

“जुमाना,” अब्बा म्हणाले, “हरभरे सोडून आपण आता पाणी विकणार आहोत का?”

प्रत्येक सुरईत काहीतरी खोट काढून मी पुन्हा कुंभारवाड्यात हजर.

“या सशाला तीनच पाय?”

“पळतोय. चौथा पोटाशी आहे.”

“आणि मोर नेहमी एकटाच. लांडोर रुसली वाटतं?”

“दीड बोटाची जागा. दोघं मावत नाहीत.”

“तुला जमत नाही, असं म्हण की!”

“पाण्याला वाट ठेवावी लागते, जुमाना.”

माझं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं... आणि हातातली ओली जाळी त्याच्याच अंगठ्याखाली चेपली. कान लाल झाले ते वेगळेच.

अशातच मुफ्लिहचं स्थळ आलं. नावाड्यांना दोरखंड पुरवणारा, शांत, दात शाबूत. नाव ठेवायला जागा नव्हती, हीच अडचण. मी सरळ बिश्रला गाठलं.

“दहा दिवसांनी, गुरुवारी, त्याची आई उत्तर मागायला येतेय. तुझं काय म्हणणं आहे?”

चाक फिरत राहिलं, त्यावरचं भांडं वाकडं झालं.

“मला बोलता—”

“येत नाही. ठाऊक आहे. मग कोरून पाठव. नुसत्या भोकांची जाळी आली, तर मी काय ते समजेन.”

गुरुवार उजाडला. मुफ्लिहची आई येऊन बसली, तरी सुरईचा पत्ता नाही. शेवटी भट्टीवरचा म्हातारा हमाल धापा टाकत आला. सुरई अजून कोमट होती. मी हात पुढे करेपर्यंत अब्बांनी ती घेतली आणि पाहुणीसाठी तीत पाणी ओतलंसुद्धा.

“हे कसलं भांडं!” अब्बा वैतागले. “पाणी खाली उतरतच नाही!”

गळा काठोकाठ भरलेला. पुराचं गढूळ पाणी, खालचं काही दिसेना. मी सुरई मांडीवर घेतली.

“मग पोरी, काय ठरलं?” मुफ्लिहच्या आईने विचारलं.

“पाणी उतरू द्या, खाला. मग सांगते.”

“तुमच्यात अशी रीत आहे?” तिने अब्बांना विचारलं.

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं, मग कोनाड्यातल्या पाच सुरयांकडे. शेवटी तेही दुकानदारच.

“आहे,” ते म्हणाले. “फार जुनी आहे.”

थेंब... थेंब... बोटभर उतरलं. मग अर्धं बोट. गाळाखाली एक तुरा दिसला. त्याच्यासमोर एक डोकं. चोचीला चोच. दोघं इतकी दाटीवाटीने बसवलेली की मोराची शेपटी लांडोरीच्या पाठीवर आली होती. आणि भोकं? नऊ. सुईच्या टोकाएवढी.

“नाही, खाला,” मी म्हणाले. “तुमच्या मुलात काही कमी नाही. माझंच मन दुसरीकडे आहे.”

“मग आधीच सांगायचंस! मी मेली इतका वेळ तहानलेली बसलेय!”

मी तिला जुन्या सुरईतलं पाणी दिलं, ती वाटेला लागली आणि मी कुंभारवाड्याच्या.

“सुरई बिघडलेली आहे,” मी बिश्रला म्हणाले. “पाणी उतरत नाही.”

“ठाऊक आहे.”

“मग?”

“बदलून देऊ?”

“हात तर लावून बघ!”

तो हसला. मातीचे हात अंगरख्याला पुसले, मग म्हणाला, “तीनदा कोरली. पाण्याला वाट ठेवली की दोघांमध्ये अंतर पडायचं. दोनदा मोडली. तिसऱ्यांदा म्हटलं... पिणारा राहू दे तहानलेला.”

त्यानंतरही तो बराच वेळ बोलत होता. किती शब्द, ते विचारू नका. मोजायचं राहून गेलं.