गोलाखाली दोन ठिपके

आमच्या घरात स्वतःचं म्हणावं असं फारसं काही नव्हतं, पण कपड्यांची मात्र चंगळ होती. आईबाबांची लाँड्री होती. पुढे दुकान, मागे एक खोली, आणि त्या खोलीत आम्ही चौघं, कपडे उकळायचं पातेलं आणि दोरीवर लोकांच्या चादरी. गिऱ्हाइकांचे कपडे धुऊन तयार झाले की पोचवायच्या आधी एक दिवस आम्ही दोघी बहिणी ते घालून शाळेत जायचो. चोरी नव्हती ती, उसनवारी म्हणा. शाई सांडायची नाही, झोपाळ्यावर बसायचं नाही आणि ज्या घरचे कपडे त्या गल्लीतून जायचं नाही, एवढंच पाळायचं. वर्गाला वाटायचं आम्ही चांगल्या खात्यापित्या घरच्या. मधल्या सुट्टीत आम्ही डबा विसरलो म्हणून सांगायचो, तेही रोज, त्यामुळे बाई आम्हाला वेंधळ्या म्हणायच्या.

प्रत्येक घराची एक खूण ठरलेली होती. कॉलरच्या आतल्या बाजूला बाबा ती काळ्या शाईने काढायचे. कुणाचा त्रिकोण, कुणाची फुली, कुणाच्या आडव्या रेघा. ती शाई कशानेही जायची नाही, त्यासाठीच होती ती. पातेल्यात कपडे कितीही एकमेकांत गुंतले तरी खूण बघून ज्याचा त्याच्या गठ्ठ्यात जायचा. आमच्या कपड्यांवर खूण नव्हती. "आपले कुठे जाणारेत?" बाबा म्हणायचे.

बाबा माणूस गोड, पण भरवसा धरायला गेलात तर फसलात. "आलोच" म्हणून बाहेर पडले की दिवसच्या दिवस पत्ता नाही. परत यायचे ते गाणी म्हणत, हातात फुगा नाहीतर दुसऱ्याच कुणाचं कुत्र्याचं पिल्लू. आईची तऱ्हा वेगळी. ती कधी भिंतीकडे तोंड करून पडायची ती पडायचीच, हाका मारून घसा बसला तरी ओ द्यायची नाही. मग एखाद्या दिवशी अंगात संचारल्यासारखी उठायची आणि दिसेल ते धुवायला काढायची. पडदे, पायपुसणी, एकदा तर पुस्तकांसकट माझं दप्तर. यातलं काहीही चालू असलं तरी आमच्या जेवणाचं तिच्या डोक्यात यायचं नाही. मग कपडे कडक करायला जी मैद्याची खळ शिजायची, त्यातलीच थोडी काढून, मीठ टाकून आम्ही दोघी प्यायचो. मला आजही त्या दोघांचा राग येतो. माणसं वाईट नव्हती, हे मला पुष्कळांनी समजावलंय. पोटात कावळे ओरडत असताना त्याचा काय उपयोग?

"ताई, आता आपल्यालाही कडक इस्त्री होणार," बिट्टी खळ पिताना म्हणायची. बिट्टी म्हणजे माझी धाकटी. तिचं खरं नाव शाळेच्या पटावर होतं, घरात कुणाला आठवत होतं की नाही देव जाणे. तिला अंघोळ मी घातली, चालायला मी शिकवलं, ताप आला तर मांडीवर मी घेतलं. तेव्हा ती माझी. या एका बाबतीत मला कधी शंका नव्हती.

आणि आधीच सांगून ठेवते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. सोडा, उकळतं पाणी आणि तापलेली इस्त्री, यांवर माझा विश्वास आहे.

दुकानाबाहेर एक बाकडं होतं. दर सोमवारी सकाळी त्यावर एक गठ्ठा ठेवलेला असायचा. पांढरी चादर, चारी टोकं इतकी नीट बांधलेली की सोडवताना जिवावर यायचं. आतल्या कपड्यांवर एक गोल आणि त्याखाली दोन ठिपके. ही खूण बाबांनी काढलेली नव्हती, कपडे तिच्यासकटच आले होते. कोण ठेवून जातं ते कुणी पाहिलं नव्हतं. शुक्रवारी दुपारी धुतलेला गठ्ठा बाकड्यावर ठेवायचा, आपण आत वळायचं, की तो गेलेला असायचा. "मोठ्या घरचा गडी असेल, घाईत असतो," बाबा म्हणायचे, आणि तेवढ्यावर विषय संपायचा.

ते कपडे मळलेले नसायचेच. नाक लावलं की ऊन आणि गरम दूध यांचा वास यायचा. त्यात एक पिवळा फ्रॉक असायचा, बरोबर बिट्टीच्या मापाचा.

बिट्टीने तो पहिल्यांदा घातला त्या दिवशी ती शाळेतून आली ती दोन वेण्या घालून. मधला भांग सरळ, केसांना तेल. सकाळी मी तिचे केस नुसते हातानेच मागे सारले होते, कारण आमचा कंगवा आईने कुठेतरी धुऊन ठेवला होता.

"वेण्या कुणी घातल्या गं?"

"माहीत नाही. मी बसले होते, त्या झाल्या."

बाईंना विचारलं. शेजारच्या शिंपीणकाकूंना विचारलं. दोघींनी माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. पुढच्या वेळी तिची नखं कापलेली होती. त्याच्या पुढच्या वेळी तिने खळीची वाटी बाजूला सरकवली. "माझं पोट भरलंय," ती म्हणाली. हे वाक्य आमच्या घरात त्याआधी कुणी उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं. फ्रॉकच्या खिशातून तिने अर्धं बिस्किट काढून मला दिलं. कुठेही काही मिळालं की अर्धं मला ठेवायचं, ही तिची जुनीच सवय. बिस्किट अजून कोमट होतं.

मला हेवा वाटला. खरंच वाटला. मीही एकदा तो फ्रॉक अंगात घालून पाहिला. तो खांद्यातच अडकला आणि नुसता फ्रॉकच राहिला. मग भीती वाटायला लागली, कारण बिट्टी हल्ली झोपेत कुणाशी तरी बोलायची, हसायची, आणि तेव्हा मी जवळ ओढलं की पाठ फिरवायची. मी तो फ्रॉक तिला द्यायचा बंद केला. ती रडली नाही. सोमवार कधी येतो तेवढं विचारत राहिली.

मग आईचा तो धुण्याचा दिवस आला. तिने सगळ्यांचे सगळे कपडे एकाच पातेल्यात ढकलले, बिट्टीचा स्वतःचा एकुलता एक फ्रॉकही, काखेत उसवलेला आणि निळ्याचा पांढरा झालेला. नेमके त्याच संध्याकाळी बाबा उगवले, मोठ्या खुशीत. "आज तुम्ही कुणी हात लावायचा नाही," म्हणाले, "आज सगळं मी करतो." जमिनीवर मांडी घालून, गाणं म्हणत, त्यांनी खुणा नसलेले कपडे शोधून शोधून त्यांवर खुणा काढल्या. मी पाणी भरून आले तेव्हा ते बिट्टीच्या फ्रॉकवर फुंकर घालत होते, शाई वाळावी म्हणून.

गोल. त्याखाली दोन ठिपके.

"बाबा, हा बिट्टीचा आहे."

त्यांनी फ्रॉक उलटसुलट करून पाहिला. "मग यावर खूण कशी?" ते म्हणाले, आणि तो त्या गठ्ठ्यात ठेवला.

मी तो काढून घेतला. लिंबू चोळलं, सोडा चोळला, ब्लीचमध्ये बुडवला. कापड विरलं, खूण होती तशीच राहिली. तिच्याजवळ दुसरा फ्रॉक नव्हता, म्हणून तिला तोच घातला. दुसऱ्या दिवशी तिला अंघोळ घालताना मानेवरचे केस बाजूला केले तर तिथे, कॉलर टेकते त्या जागी, फिकट काळं काही दिसलं. मी घासलं. साबण लावून पुन्हा घासलं.

"ताई, दुखतंय."

"थांब जरा."

"ताई, राहू दे ना आता," बिट्टी म्हणाली, मोठ्या माणसाने समजूत घालावी तशी.

त्या शुक्रवारी मी गठ्ठा बाकड्यावर ठेवलाच नाही. इस्त्रीच्या टेबलाखाली दडवला आणि वर पोतं टाकलं. बाबा पुन्हा "आलोच" म्हणून गेले होते. आई भिंतीकडे तोंड करून होती.

वळून पाहिलं तर बाकड्यावर बिट्टी बसली होती. गुडघे जुळवून, हात मांडीवर, अगदी नीट.

"आत ये."

"इथे ऊन छान आहे."

मी तिच्याशेजारी जाऊन बसले आणि तिचा हात घट्ट धरला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. समोरच्या भिंतीवरून ऊन हळूहळू खाली उतरत होतं. तिच्या केसांना दुधाचा वास येत होता.

मग आतून करपल्याचा वास आला. खळ. आमचं त्या दिवसाचं सगळं जेवण.

"आई! खळ लागतेय!"

आई उठली नाही.

मी पळत गेले, पातेलं उतरवलं, पळत आले.

बाकडं रिकामं होतं. हात लावला तर एका जागी ते गरम लागलं.

टेबलाखाली नुसतं पोतं होतं.

मी गल्लीन् गल्ली पालथी घातली, मग चौकीत गेले. बाबा सापडल्यावर त्यांना तिथे बोलावलं. साहेबांनी विचारलं, "मुलं किती तुम्हाला?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "ही एक." ते खोटं बोलत असते तर मला कळलं असतं. मी घरी आले तर आई कधी नव्हे ती उठून भांडी लावत होती, आणि तिने तीनच वाट्या काढल्या होत्या.

सोमवारी गठ्ठा आला. त्यात बिट्टीचा फ्रॉक होता. काखेत रफू केलेलं, बारीक टाक्यांचं. खाली दुमड उलगडून लांबी वाढवलेली, वाढत्या मुलीसाठी करतात तशी. खिशात अर्धं बिस्किट. मी दुकानातच बसून रडले. मग तो धुतला, इस्त्री केली आणि शुक्रवारी बाकड्यावर ठेवला. दुसरं काय करणार होते?

आता आईबाबा नाहीत. लाँड्री मी चालवते. गठ्ठा अजून येतो. फ्रॉक मोठे होत गेले, मग मोठ्या बाईचे कपडे आले, मी त्यांच्या मापावरून तिची उंची ओळखत आले. कधी एकही टाका उसवलेला नसतो. कुणीतरी तिची काळजी घेतंय, हे मला समाधानाचं वाटतं, आणि त्या समाधानाचा मला तितकाच राग येतो.

कालच्या गठ्ठ्यात मात्र एक नवा अंगरखा होता, कुणी न घातलेला. तिच्यासाठी तो रुंद झाला असता. मी अंगात घालून पाहिला. खांद्यात, काखेत, कुठेच अडकला नाही. कॉलर उलटी करून पाहिली तर आतली बाजू कोरी होती. शाईची बाटली मी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

आज सकाळपासून मानेवर काहीतरी ओलसर लागतंय. घरात आरसा एकच आहे, त्यात मागचं दिसत नाही. बिट्टी असती तर तिलाच बघायला सांगितलं असतं.