भिंतीवरच्या खडूच्या रेघा

हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. ती थाप मारताना हमखास हसते. हे सांगताना हसली नव्हती.

मंगळवार. दुपारचे चार. इस्पितळाचा तिसरा मजला, खिडकीजवळची खाट.

मावशीचा एक स्तन कॅन्सरने नेला, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून दर मंगळवारी ती ऑपरेशन झालेल्या बायकांजवळ जाऊन बसते. आधी पोटभर रडू देते. मग आखडलेला हात भिंतीला टेकवून, बोटं मुंगीसारखी वर चढवायला शिकवते. पोचतील तिथे पेन्सिलीची रेघ. शेजारी तारीख.

आदल्या मंगळवारी त्या खाटेवर एक शाळेतल्या बाई होत्या. त्यांची रेघ खांद्यापाशीच अडली.

"उद्या याल ना? तुम्ही असलात की भीती वाटत नाही."

"येते हो. नक्की!"

मावशी गेली नाही.

त्या दिवशी तिचेच रिपोर्ट यायचे होते. भीतीने पाय उंबऱ्याबाहेर पडेना. संध्याकाळी रिपोर्ट चांगले आले.

बाई मात्र दुपारीच वारल्या होत्या.

या मंगळवारी त्या खाटेवर एक शिवणकाम करणारी होती. "सहा दिवस भिंतीकडे तोंड करून पडलीय," नर्स म्हणाली, "तुम्हीच बघा."

मावशीने पडदा सारला...

ती हसत होती. हात डोक्यापर्यंत वर!

"अगं, कुणी शिकवलं?"

"तुमच्यातल्याच त्या बाईंनी. रोज दुपारी येतात, वर्गातल्यासारख्या दटावतात. म्हणतात, ब्लाऊजला आता कापड कमी लागेल बघ! हात तेवढा गार... फार गार."

मावशीने भिंतीकडे पाहिलं.

खांद्यापाशी शाळेतल्या बाईंची पेन्सिलीची रेघ. तिच्या वर पांढऱ्या रेघा. खडूच्या. रोज एक. पहिलीची तारीख... मावशी न गेलेल्या दिवसाची.

शेवटची रेघ छताला टेकली होती.

"त्या विचारत होत्या, तुम्ही आज तरी येणार ना?"

त्यानंतर मावशी रोज जायला लागली. काल मात्र तापाने फणफणली होती.

आज सकाळी तिचा फोन आला. तिच्या खोलीत, पलंगाशेजारच्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला एक पांढरी रेघ.

"पुसते गं... जात नाही."

"मावशी, मी चारपर्यंत येते."



"येणार असशील तरच सांग, बाळा."

"येते. नक्की."

आता पावणेचार झालेत.

मी अजून घरातच आहे.