खंडेनवमीचे कुंकू आणि एक हिरवा दिवा

सुज्ञ वाचकहो! प्रस्तुत कथेत कोणी राजपुत्र नाही, कोणी परी नाही. अक्कलकोट रस्त्यावरील एक टॉवेलचा कारखाना, तेथील टेलिफोनची यंत्रपेटी, त्या पेटीतील कार्डांवर लुकलुकणारे इवलेसे दिवे आणि दोन तरुण हृदये, एवढेच साहित्य घेऊन मी आपणासमोर प्रीतीची एक गोष्ट मांडणार आहे. ज्यांना यंत्रांत रस नाही त्यांनी भिऊ नये. ज्यांना प्रेमात रस नाही त्यांनी मात्र येथेच थांबावे, ही नम्र विनंती.

तो दसऱ्याचा प्रातःकाल होता. परतीच्या पावसाची एक सर नुकतीच येऊन गेली होती आणि कारखान्याच्या फाटकावरील झेंडूचे तोरण टप्... टप्... ठिबकत होते. सणाची सुट्टी असल्याने यंत्रे निद्रिस्त होती. राजनंदिनी छत्री मिटवीत फाटकाच्या लहान दिंडीदरवाजातून घाईने आत शिरत होती आणि नेमका त्याच क्षणी मोटारसायकलवरून उतरलेला एक तरुण आपली पिशवी सावरीत त्याच दिंडीतून शिरू पाहत होता. वाट एक, माणसे दोन! छत्रीची काडी पिशवीच्या बंदात अडकली, पिशवी उलटली, पक्कड पडली, पेचकस पडला आणि एक पांढरेशुभ्र खोडरबर घरंगळत जाऊन तिच्या चपलेपाशी थांबले.

तिने ते उचलले आणि त्याच्याकडे पाहिले.

"ओ, शाळा बंद हाय आज. दसरा हाय की!"

"शाळेला न्हाय मॅडम... टेलिफोन दुरुस्तीला आलोय."

"खोडरबर घेऊन?"

"तेच लागतंय."

"आन् पट्टी, पेन्सिल?"

तरुण कानापर्यंत लाल झाला. "ती... तुमी द्या की," एवढेच तो पुटपुटला आणि पडलेली पक्कड शोधण्याच्या निमित्ताने त्याने मान खाली घातली ती बराच वेळ वर केलीच नाही.

हाच आपला नायक मंजुनाथ. अक्कलकोटकडचा, घरी कन्नड बोलणारा, शहरातील एका दुरुस्तीच्या दुकानात कामाला असणारा. आणि राजनंदिनी ही जेऊरच्या बापूसाहेबांची कन्या. सोलापुरात केराबाई नावाच्या मावशीकडे राहून ती या कारखान्यात ऑपरेटरचे काम करीत असे. बाहेरून आलेला प्रत्येक फोन प्रथम तिच्या मधुर स्वराला स्पर्श करी आणि मगच ज्या त्या खात्यात जाई. ती खुर्ची तिला प्राणाहून प्रिय होती. कारण बापूसाहेबांनी तिला एकच अट घातली होती, "नोकरी हाय तवर सोलापूर. सुटली की दुसऱ्या दिवशी जेऊरची गाडी धरायची!"

आणि ती खुर्चीच आता संकटात होती.

त्याचे असे झाले. आदल्या दिवशी खंडेनवमी. कारखान्यात प्रत्येक मागाला हळदकुंकू लागले, कातऱ्यांना लागले, वजनकाट्याला लागले. राजनंदिनीच्या मनात आले, जी यंत्रपेटी मला अन्न देते तिची पूजा नुसती वरवर का करावी? तिने पेटीचे दार उघडले, आतली कार्डे एक एक करून अलगद बाहेर ओढली, पाटावर कोरा टॉवेल अंथरून त्यावर मांडली. प्रत्येक कार्डाच्या कडेला सोनेरी दातांची रांग होती. तीच सर्वांत मंगल दिसत असल्यामुळे तिने तेथेच भक्तिभावाने हळदकुंकू चोळले, झेंडूच्या पाकळ्या वाहिल्या, डोळे मिटून नमस्कार केला आणि जे कार्ड हाताला येईल ते मोकळ्या घरात सरकवून दिले.

आणि पाहते तो काय! नेहमी हिरवे लुकलुकणारे दिवे लालबुंद होऊन तिच्याकडे रोखून पाहत होते. साऱ्या कारखान्याचे फोन मुके झाले.

मालक चनबसप्पा, ज्यांना सगळे अप्पा म्हणत, ते म्हणाले, "जुनं झालंय ते डबडं. परवा शिफ्ट सुरू होईस्तोवर चाललं तर चाललं. न्हाय तर काढून टाकतो आन् सगळ्या खात्यांत मोबाईल वाटतो."

पेटी गेली की ऑपरेटर कशाला? राजनंदिनीच्या ओठांवर सत्य आले होते, पण भीतीने ते तेथेच गोठले.

असो. मंजुनाथाने पेटी उघडली, पहिले कार्ड ओढले आणि तो स्तब्ध झाला. त्याचे बोट गुलाबी झाले होते.

"मॅडम... हे कुंकू?"

त्याने दुसरे कार्ड ओढले.

"ह्याच्यावर हळद... आन् हिकडं पाकळी..."

"मी पूजा केली," ती इतक्या हळू म्हणाली की स्वतःलाही ऐकू गेले नसावे. "हसा. हसून घ्या."

परंतु मंजुनाथ हसला नाही. त्याने ते कार्ड दोन्ही हातांत धरून आधी कपाळाला लावले.

"पूजेतलं हाय न्हवं? आधी पाया पडतो, मग पुसतो."

डोळ्यांत पाणी असताना हसू फुटणे म्हणजे काय, हे त्या क्षणी राजनंदिनीच्या मुखाकडे ज्याने पाहिले त्यालाच कळले असते. दाराशी स्टुलावर बसलेले वॉचमन बिरप्पामामा तंबाखू मळण्यात गुंग असल्यामुळे ते भाग्य एकट्या मंजुनाथाला लाभले.

त्याने खोडरबराचे दोन तुकडे केले. एक तिला दिला.

"ह्या सोनेरी दातांनी कार्ड पेटीशी बोलतंय. तुमी त्याच्या तोंडात बचकभर कुंकू कोंबलंय. घासा, पण हळू... तिला दुखतंय."

"तिला? कार्ड काय बाई हाय?"

"रुसतंय तर बाईवानीच!"

"आन् बाप्या रुसत न्हाय व्हय?"

"बाप्या रुसला तर त्याला विचारतंय कोण?"

दोघे शेजारी बसून घासू लागले. गुलाबी चुरा मांडीवर पडत होता, बोटे मधूनच बोटांना लागत होती, आणि लागली की दोघेही उगाचच जास्त जोराने घासत होते. मंजुनाथाने तिला दिव्यांची भाषा समजावली. लाल दिवा म्हणजे पेटीने कार्डाला ओळखले नाही. संथ, श्वासासारखा लुकलुकणारा हिरवा दिवा म्हणजे ओळख पटली, सारे कुशल आहे.

"आन् प्रत्येक कार्डाचं आपलं घर असतंय," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या घरात घातलं की ते लालच राहणार."

"माणसाला कसं कळावं, आपलं घर कुठलं?"

मंजुनाथाने घाईघाईने पेचकस उचलला.

एक एक कार्ड स्वगृही गेले. दिवे हिरवे होऊ लागले आणि प्रत्येक हिरव्या दिव्यासरशी राजनंदिनी लहान मुलीसारखी टाळी वाजवू लागली. आता प्रत्येक खात्यात जाऊन तेथील फोनवरून बोलून पाहणे आवश्यक होते. मंजुनाथ रिकाम्या कारखान्यातून निघाला. ती आपल्या खुर्चीवर, पुढ्यातील बटणांवर नजर लावून बसली. पहिला दिवा लागला!

"हॅलो, लूमखाता. येतंय का ऐकू?"

"येतंय की. तोंडावर तर एवढ्या मोठ्यानं बोलत न्हाय तुमी."

"तोंडावर तुमचे डोळे असत्यात मधी," तिकडून आवाज आला आणि फोन खाली ठेवला गेला.

वाचकहो, समोर मूक असणारा हा तरुण तारेवर काय बोलत होता! राजनंदिनीचे हृदय धडधडू लागले. पुढचा दिवा केव्हा लागतो, याकडे तिचे प्राण लागले. लागला!

"हॅलो, शिलाईखाता. जेवलात का?"

"हे टेस्टिंग हाय?"

"व्हय. लांब बोलून बघावं लागतंय. आवाज तुटतोय का कळाया."

"मग मी पण बघते. तुमच्या घरी कोण कोण हाय?"

"आई, अण्णा... आन् एक म्हैस."

"म्हैस कशाला सांगितली?"

"तुमी कोण कोण विचारलं. बायको हाय का, असं सरळ न्हाय विचारलं."

तिने बटणांकडे पाहिले, छताकडे पाहिले, बिरप्पामामांच्या पाठीकडे पाहिले. "...हाय का?"

"इल्ल री."

"म्हंजे? मला कन्नड येत न्हाय."

"न्हाय म्हणतोय. आन् कन्नड शिकवीन की."

सायंकाळपर्यंत सारे दिवे हिरवे झाले. राहिला फक्त भोंगा! तिच्या खुर्चीवरून बोललेले शब्द कारखानाभर पोहोचविणारा जो कर्णा अंगणात बसवला होता, त्याला सर्व जण भोंगा म्हणत. त्याचे कार्ड काही केल्या ओळख देईना.

"सकाळी शिफ्टच्या आधी येतो," मंजुनाथ म्हणाला. "घाबरू नका."

"मी अप्पांना खरं सांगून टाकते."

"नका! खुर्ची जाईल तुमची. मी बघतो काय सांगायचं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण कामगारांनी फुलले होते. चनबसप्पा मध्यभागी उभे राहून पुनःपुन्हा घड्याळ पाहत होते. आत मंजुनाथाने भोंग्याचे कार्ड पुन्हा घासले, फुंकले, बसवले. लाल... लाल... आणि हिरवा! राजनंदिनीने बटण दाबले. "हॅलो, हॅलो!" तिचा स्वर अंगणभर घुमला आणि कामगारांनी टाळ्या पिटल्या.

"रंगखात्याचा फोन तेवढा पुन्यांदा बघून येतो," असे म्हणून मंजुनाथ धावला. रंगखाते कारखान्याच्या अगदी पलीकडच्या टोकाला होते. तेथील यंत्रे शिफ्टच्या आधीच सुरू करावी लागत आणि फोनच्या बंद खोलीत तारेवरच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नसे, मग अंगणातील भोंगा कोठला ऐकू येणार!

इकडे राजनंदिनीने बटण सोडले. परंतु कुंकवाचा एखादा कण कोठेतरी दडून राहिला असावा, कारण भोंग्याचा दिवा विझला नाही. इतक्यात रंगखात्याचा दिवा लागला. तिने फोन उचलला.

"हॅलो, रंगखाता," तो तिच्या कानात म्हणाला.

"हॅलो, रंगखाता!" अंगण गरजले.

तिने पाहिले, भोंग्याचा दिवा हिरवागार लुकलुकत होता. प्रत्येक शब्द बाहेर जात होता.

"राजनंदिनी, मधी बोलू नका, न्हाय तर धीर सुटतोय माझा. अप्पांना मी सांगतो, मागल्या दुरुस्तीत आमच्या दुकानाकडनंच चूक झाली म्हणून. तुमी कार्डं काढून कुंकू लावलं, हे आपल्या दोघांतच राहील..."

खिडकीतून तिला दिसले, चनबसप्पांचा चष्मा सावकाश तिच्याकडे वळत होता. लाईन तोडण्याची कळ तिच्या बोटाखालीच होती! एक दाब, आणि झाले ते काहीतरी सांगून सावरता आले असते. तिच्या डोळ्यांपुढे जेऊरची गाडी उभी राहिली.

"...आन् दुसरं म्हंजे..." मंजुनाथ अडखळला. "दुसरं म्हंजे..."

हे रसिकहो! कालपासून एका खात्यातून दुसऱ्या खात्यात ती ज्या शब्दाची वाट पाहत होती, तो शब्द तारेच्या त्या टोकाला येऊन उभा होता. कळ दाबली तर कदाचित खुर्ची वाचेल, पण तो शब्द...

तिने बोट उचलून घेतले.

"दुसरं म्हंजे, तुमी मला आवडता. लई आवडता. खुर्ची राहू दे न्हाय तर जाऊ दे. जेऊरला गेलात तर मी जेऊरला येऊन पाण्याच्या मोटारी दुरुस्त करीन. झालं. बोललो!"

"अगं बाई गं!" शिलाईतल्या काशम्माने दोन्ही हात गालांवर ठेवले. कोणीतरी शिट्टी मारली.

राजनंदिनी उठून उभी राहिली. तिचा आवाज थरथरत होता, पण तो तुटला नाही.

"मंजुनाथ, ऐका. सगळेच ऐका. कार्डं मी काढली, कुंकू मी लावलं. ह्यांचा काडीचा दोष न्हाय. अप्पा, परवाच सांगाया पायजे होतं, भ्याले मी."

"सगळेच... म्हंजे?" तारेवरून मंजुनाथाचा क्षीण स्वर आला.

"भोंगा चालू हाय."

"अय्यो!"

"ठेवू नका फोन! उत्तर ऐका की. तुमी पण मला आवडता. आता ठेवा."

अंगणात जो कल्लोळ उसळला त्याचे वर्णन करण्यास माझी लेखणी असमर्थ आहे. काशम्माने धावत जाऊन भोंग्याचा प्लगच उपटला. आणि मग गर्दी दुभंगली, कारण चनबसप्पा खिडकीशी आले होते.

"पूजा तू केलीस?"

"व्हय, अप्पा."

"कार्डांची?"

"व्हय."

"पोरी, मशीनला कुंकू बाहेरनं लावायचं असतंय. देवाचं तरी पोट फाडून कोण लावतंय का?" क्षणभर त्यांनी मिशीखाली काहीतरी दाबून धरले. मग आवाज कठोर केला. "चूक होती माणसाकडनं. पण दोन दिवस तू मला डबडं जुनं झालं म्हणू दिलंस, ते मला लागलं. पुन्यांदा असं करायचं न्हाय."

"न्हाय करणार," ती मान खाली घालून म्हणाली. आपण उद्या जेऊरला जाणार की नाही, हे विचारण्याचे बळ तिच्यात नव्हते.

तोच तिच्या पुढ्यात दिवा भरभर उघडझाप करू लागला आणि घंटी वाजली. बाहेरची लाईन!

ती तशीच उभी. हात पुढे होईना.

"आता बघत काय बसलीस?" चनबसप्पा कडाडले. "गिऱ्हाईक खोळंबलंय. तुझं काम कोण, मी करू? उचल की!"

तिने डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि फोन उचलला. "नमस्कार... बोला साहेब," त्या स्वरात आज जो गोडवा होता तो कोठून आला, हे पलीकडच्या बिचाऱ्या गिऱ्हाइकास कधीच कळणार नाही.

आणि दारात मंजुनाथ येऊन थडकला. धावताना कोठे धडपडला कोणास ठाऊक, कोपरापर्यंत हात निळ्या रंगाने माखलेले, श्वास फुललेला, ओठांवर शंभर शब्द. तिने गिऱ्हाइकाशी बोलता बोलताच त्याच्याकडे पाहिले, तळहात वर केला... थांबा!

बिरप्पामामांनी आपले स्टूल पायाने त्याच्याकडे सरकवले.

"बसा की जावईबापू. लाईन बिझी हाय."

प्रिय वाचकहो, दोन्ही घरची बोलणी अद्याप व्हावयाची आहेत आणि बापूसाहेबांचा स्वभाव तापट आहे, हे मी आपणापासून लपवीत नाही. तथापि जी मुलगी भर अंगणात बोलली ती घरच्या ओसरीवरही बोलेल, असा माझा विश्वास आहे. आपला अमूल्य वेळ खर्चून माझे हे साधे शब्द आपण गोड मानून घेतलेत, त्याबद्दल हात जोडून आभार मानतो.

आपला नम्र,
जोतीराम हरिबा वाघमोडे
भवानी पेठ, सोलापूर