शेवटचा पोचा आधी

गाडी आली तेव्हा मिस्त्री त्याच्या डेंटिंगच्या दुकानात एकटाच होता. सुट्टीचा वार होता. शेजारच्या टायरवाल्याचं आणि बॅटरीवाल्याचं शटर खाली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. खरं तर त्या दुपारी त्याने दवाखान्यात असायला हवं होतं. त्याची एकुलती एक मुलगी, बबडी, आठ दिवस तिथे बेशुद्ध पडून होती. दिवेलागणीला, स्वतःच्या घराच्या गल्लीत, कुणीतरी तिला गाडीने उडवलं आणि पसार झालं. तिचा श्वास आता मशीन घेत होतं. उशाशी तिची आई बसून होती. मिस्त्रीला मात्र तिथे बसवत नसे. हाताला काम नसलं की त्याला कसंतरीच व्हायचं. म्हणून तो दुकान उघडून आत पाने पुसत बसला होता. पुसलेलेच पाने पुन्हा पुसत होता.

राखाडी गाडी सावकाश आत शिरली. जावई उतरला. गेले आठ दिवस दवाखान्यात सगळ्यांत जास्त रडलेला माणूस तोच.

"बरं झालं भेटलात, मामा. पार्किंगच्या खांबाला घासली. जरा बघा की."

मिस्त्रीने पाहिलं. बोनेटवर दोन पोचे, डाव्या मडगार्डवर एक.

"आत्ताच कशाला? बबडी तिकडे..."

"तिच्यासाठीच तर. दवाखान्यात ये-जा करायला गाडी नको? आणि ते पोलीस. गल्लीतली एकेक गाडी तपासतायत. उगाच डोक्याला ताप." त्याने किल्ली टेबलावर ठेवली. "पुटी नका भरू हं. पुटीवर चुंबक चिकटत नाही, लगेच कळतं. पत्राच ओढून काढा. तुमच्या हाताला तोड नाही, मामा. पहिल्यासारखं करून देता तुम्ही."

पहिल्यासारखं करून देतो. हे मिस्त्रीचंच वाक्य. दुकानात आलेल्या प्रत्येकाला तो ते ऐकवायचा. आणि नुसतं गिऱ्हाइकांनाच नाही.

"चारला येतो," म्हणून जावई निघून गेला. जाताना त्याने बाहेरून शटर अर्धं ओढून घेतलं.

मिस्त्रीने डोळे मिटून बोनेटवर तळवा फिरवला. पत्रा डोळ्यांनी पाहायचा नसतो, हाताने वाचायचा असतो. डोळ्यांना चकाकी फसवते, तळव्याला नाही. खांबाला धडकलेली गाडी त्याने शेकडो वेळा वाचली होती. खांबाचा पोचा उभा असतो, सरळ आणि एकच. हे तीन होते. मडगार्डवरचा मांडीच्या उंचीवर, उथळ. दुसरा बोनेटच्या कडेला, रुंद, त्याच्या एका टोकाला कोपराएवढा खळगा. तिसरा बोनेटच्या मधोमध, खोल आणि गोल. त्या खळग्यात त्याचा तळवा असा बसला, जसा लहानपणी बबडीला तेल लावताना तिच्या डोक्यावर बसायचा.

त्याने हात झटकन मागे घेतला.

उस्तादाने त्याला एकच नियम घोकून दिला होता. शेवटचा पोचा आधी. ज्या क्रमाने मार बसला, त्याच्या उलट्या क्रमाने पत्रा ओढायचा, नाहीतर तो भलतीकडेच वाकतो. म्हणजे काम सुरू करण्यापूर्वी कुठला मार आधी आणि कुठला नंतर, हे वाचून काढावंच लागतं. मिस्त्रीने ते वाचलं. गोल पोच्याने रुंद पोच्याची कड मोडली होती, म्हणजे गोल नंतरचा. रुंद पोच्याने मडगार्डवरच्या पोच्याची चीर ओढून वाकडी केली होती, म्हणजे मडगार्डवरचा सगळ्यांत पहिला. आणि तिन्ही मार उभ्या माणसाला लागलेले. आडव्या माणसाला लागला असता तर तो खाली, बंपरच्या आत दिसला असता.

याचा अर्थ गाडी दोनदा मागे गेली होती. आणि जे कोणी पडलं होतं, ते दोनदा उठलं होतं.

"खांबच असेल," मिस्त्री मोठ्याने म्हणाला. रिकाम्या दुकानात ते त्याचं त्यालाच विचित्र वाटलं. आणि त्याने ग्राइंडर हातात घेतला. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतोय. त्याला कळलं होतं, आणि त्याने ग्राइंडर हातात घेतला.

राखाडी रंग उडाला, खाली पत्रा उघडा पडला. तिथे मिस्त्री थबकला. उघड्या पत्र्यावर आधीच बारीक गोल डाग होते, एकाला एक लागून. पत्रा ओढायच्या पिना डकवल्याच्या खुणा. त्या घासून काढल्या होत्या, तिरक्या, डावीकडून उजवीकडे. प्रत्येक मिस्त्रीचं घासणं त्याच्या अक्षरासारखं असतं, आणि हे अक्षर त्याचंच होतं. पण ही गाडी नवी होती. आजवर ती त्याच्याकडे कामाला आलीच नव्हती. आणि पत्रा बोटाखाली फार पातळ लागत होता. पुन्हापुन्हा ओढलेला पत्रा लागतो तसा.

बोनेटला आतून दुसरा पत्रा असतो, तिथे हातोडा पोचत नाही. अशा जागी पिना लागतात. मिस्त्रीने पिन वेल्डिंगच्या बंदुकीत घातली, टोक पत्र्याला टेकवलं, घोडा दाबला. टक्. ठिणगी उडाली आणि पिन पत्र्यावर उभी राहिली. दुसरी. तिसरी. गोल खळग्याच्या कडेने त्याने पिनांचं रिंगण केलं. एरवी अशा वेळी जळक्या रंगाचा वास येतो. आज जळक्या केसांचा आला.

सरकत्या हातोड्याचा आकडा त्याने पहिल्या पिनेत अडकवला आणि दांडीवरचं वजन मागे खेचलं. ठक्. पत्रा केसभर वर आला. आणि पत्र्याच्या पलीकडून, अगदी स्पष्ट, कुणीतरी श्वास आत घेतला.

मिस्त्रीने बोनेट उघडून पाहिलं. आत गार पडलेलं इंजिन. बाकी काही नाही. त्याने बोनेट लावलं. ठक्. श्वास. ठक्. श्वास. थांबला तर तोही थांबायचा, आणि ते थांबणं ऐकवत नव्हतं. म्हणून तो खेचत राहिला. खळगा भरून आला, त्याने पिना पिळून तोडल्या, बुडखे घासले, तळवा फिरवला. सपाट.

मोबाइल वाजला. पलीकडे बायको.

"अहो... अहो, तिने श्वास घेतला! स्वतःचा! नळी काढली. डॉक्टर म्हणतात, डोक्याची जखम कुठे गेली? टाकेसुद्धा नाहीयेत हो!"

"बरं," मिस्त्री म्हणाला.

"बरं काय बरं! पोरगी परत आली तुमची, आणि हा माणूस बरं म्हणतोय! या ना इकडे!"

"येतो. एक काम हातात आहे."

रुंद पोच्यावर त्याने पिनांची रांग लावली. या वेळी श्वास नव्हता, कण्हणं होतं. कोपराएवढ्या खळग्यातली पिन खेचली तेव्हा पत्र्याआड काहीतरी कट् करून जागेवर बसलं. निखळलेलं हाड बसावं तसं. मिस्त्रीला घाम फुटला होता, पण तो हसतही होता. तळवा फिरवला. सपाट.

पुन्हा मोबाइल. या वेळी बायको नव्हती.

"बाबा."

"बबडे! कशी आहेस गं?"

"बोनेटवरचे निघाले ना?" तिचा आवाज बारीक होता, पण शांत. "मडगार्डवरचा राहू द्या."

मिस्त्रीने वळून गाडीकडे पाहिलं. "तुला कसं..."

"तोच होता, बाबा. हेडलाइट लावून समोर आला. मी पडले. मला वाटलं चुकून लागली, म्हणून उठले. त्याने गाडी मागे घेतली. मला वाटलं, उतरतोय... पुन्हा उठले... बाबा, त्याने काच खाली केली होती. 'ऊठ ना,' म्हणत होता."

"गप. गप बस, बाळा. आता सगळं..."

"ऐका! आई बाहेर गेलीय तेवढ्यात ऐका. पाय मोडलाय माझा, फार दुखतोय. मोडलेला असू दे. लंगडत जगेन. पण तो पोचा आहे तोवर मला आठवतंय. तो काढलात, तर काहीच झालेलं नसेल. मग मी पुन्हा तुमच्याकडे येईन, आणि तुम्ही मला..." तिचा आवाज चिरला. "दर वेळी सांगते मी तुम्हाला. दर वेळी."

फोन बंद झाला. अर्ध्या शटरखालून दोन बूट आत आले.

"एवढंच राहिलं की!" जावयाने बोनेटवर बोट फिरवलं. "वा! नवी नवरी दिसतेय. चला, आटपा."

मिस्त्री गाडीच्या किल्लीवर हात ठेवून उभा होता. त्याला फक्त शटर ओढून कुलूप लावायचं होतं. पोलीस चौकी दोन चौक सोडून. पुरावा मडगार्डवर, बोलणारी मुलगी दवाखान्यात. आणखी काय लागतं?

"हा नाही काढणार मी," तो म्हणाला.

जावई हसला. रागाने नाही. हट्टी म्हाताऱ्याची समजूत काढावी तसा. "असं म्हणताय? बरं. तिला सगळं आठवू दे. माझं आठवेल, ते खरंच. पण मामा, पहिल्यांदा डोळा काळानिळा करून आली तेव्हा तिला कुणी परत आणून सोडलं? हात मुरगळला होता तेव्हा? आणि त्या संध्याकाळी बॅग घेऊन, 'मरेन पण जाणार नाही' म्हणत आली, तेव्हा स्कूटरवर मागे बसवून गल्लीच्या तोंडाशी कोण सोडून गेलं? मी तर नाही बोलवायला आलो. आठवेल ना तिला तेही. चौकीत सांगेल, कोर्टात सांगेल. आईलाही सांगेल."

मिस्त्रीने किल्लीवरचा हात उचलला.

मोबाइल वाजला. "अहो, तिला सोसवत नाहीये हो!" बायको रडत होती. "पाय पाय करून ओरडतेय... काहीतरी करा ना!"

पुढे मिस्त्री स्वतःला हेच सांगत राहिला असता, की पोरीचं दुखणं बघवलं नाही म्हणून. अशी माणसं नेहमी हेच सांगतात. पण त्याने पिन बंदुकीत घातली ती बायकोचा फोन यायच्या आधी.

टक्. ठक्. पत्र्याआडून या वेळी श्वास नाही, कण्हणं नाही. फक्त "नको." खेचलं की "नको." अकरा पिना लागल्या. शेवटची सैल पडली तेव्हा पातळ पत्र्याला सुईएवढं भोक पडलं. मिस्त्रीने ते डाग देऊन बुजवलं, घासलं, रंगाचा हात मारला.

"पहिल्यासारखं," जावई म्हणाला आणि गाडीत बसला. काच खाली करून त्याने मान बाहेर काढली. "पुढच्या सुट्टीला दुकानात असालच ना, मामा?"

गाडी गेली. मिस्त्री हात पुसत उभा राहिला. काय काम केलं आज? पाने पुसले. बाकी काही नीट आठवेना.

"बाबा."

शटरखालून वाकून बबडी आत आली. धडधाकट, दोन्ही पायांवर. हातात कपड्यांची बॅग.

"मी नाही जाणार परत. मरेन पण जाणार नाही. तुम्ही नुसतं हो म्हणा."

मिस्त्रीला तिला काहीतरी सांगायचं होतं. फार महत्त्वाचं, जिवावरचं. ते अगदी जिभेवर होतं. आठवेना. आणि खरं सांगायचं तर, आठवावं म्हणून त्याने फारसा जोरही लावला नाही.

"वेडी कुठली," तो म्हणाला. "संसारात व्हायचंच थोडंफार. होईल गं पहिल्यासारखं. चल, सोडतो."

ती बॅग घेऊन स्कूटरवर मागे बसली. गल्लीच्या तोंडाशी उतरली. घर शंभर पावलांवर होतं. ती चालू लागली तेव्हा गल्लीत पलीकडच्या टोकाला एक गाडी उभी होती, दिवे बंद, इंजिन चालू. मिस्त्रीने स्कूटर वळवली.

दुकानात येऊन त्याने पसारा आवरला. जमिनीवर पिळून तोडलेल्या पिना पडल्या होत्या. कधीच्या कोण जाणे. त्या गोळा करून तो कोपऱ्यातल्या भंगाराच्या डब्याकडे गेला, झाकण काढलं. डबा काठोकाठ भरलेला होता. सगळ्या पिनाच. आणि एकूण एक पिनेच्या बुडाशी राखाडी रंग.

मोबाइल वाजायला लागला. पडद्यावर बायकोचं नाव. इतक्या अवेळी ती कधी फोन करत नसे.

त्याने लगेच उचलला नाही. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण त्याचा हात आपोआप फळीकडे गेला, आणि त्याने आधी पिनांचं नवं खोकं फोडलं.