कुंदाची ओळ

अभिमन सरांनी तिसऱ्यांदा कपाळावर हात मारला. शहाण्णव साली अख्ख्या जळगावात संगणकावर पाश्चात्त्य पद्धतीची स्वरलिपी छापणारा एकटा दीपचंद, म्हणून ही मनधरणी. नाहीतर हा डोक्याला ताप कोण घेतो!

"एक जातं, दोन बाया. पहिलीच्या स्वरचिन्हांच्या उभ्या काड्या वर, दुसरीच्या खाली. दुसरी गप्प असली तरी तिची जागा मोडायची नाही, तिथं विरामाच्या खुणा भरायच्या. यात न कळण्यासारखं काय आहे?"

पहिली म्हणजे सरांची आई, धरणगावच्या झुंबरबाई. दुसरी कुंदा, सरांची बायको. ती दोन वर्षांपूर्वी वारली. गिरणी दारात असली तरी श्रावणात कानबाईच्या सणाला लागणाऱ्या रोटांचं पीठ घरी जात्यावरच निघायचं, सासूसुनेनं जोडीनं गात. आता आई एकटी दळायची. आपली ओळ म्हणायची आणि कुंदाच्या ओळीपुरतं नुसतं जातं फिरवायची. तिच्या ओव्यांची कॅसेट भरताना सरांनी ती ओळ का सोडतेस असं विचारलं तर म्हणाली, "तिनी ओळ तिनीच शे. ती कोनी भरानी नही."

कुंदाचा आवाज मात्र सरांनी कधीच भरून ठेवला नव्हता. ती चुटपुट त्यांना धड जेवू देत नसे.

कागद छापून आला, तर विरामांच्या जागी स्वर. सर भडकले. दीपचंदनं पुन्हा विराम भरले, पुन्हा स्वर छापून आले. पालथ्या घड्यावर पाणी, असं पुटपुटत सरांनी त्याला उठवलं आणि स्वतः बसले. पडद्यावर विराम, कागदावर स्वर.

चिडूनच त्यांनी ते गुणगुणून पाहिले. तिसऱ्या मात्रेला कुंदा नेहमी घाई करायची. कागदावर तीच घाई होती.

दीपचंदनं विचारलं, "खोडू का?"

"राहू दे," सर म्हणाले. त्यांना रडू फुटलं होतं.

पुढचं पान आलं.

वरचा आवाज मध्येच थांबला होता. पुढं नुसते विराम. आईची चाल, तिच्या लांब हेलासकट, खाली उतरली होती. दोघींच्याही काड्या खाली.

सरांनी धरणगावला घराशेजारच्या भाईदासच्या दुकानात फोन लावला, आईला बघून यायला सांगितलं. भाईदास बऱ्याच वेळानं परतला.

"अक्का जात्यावर बसेल शे, सर, भिताडले टेकीसन. हाक मारी, बोलनी नही. हात मांडीवर शेतस."

त्यानं फोन तोंडाजवळ धरला.

"जातं मातर फिरी ऱ्हायनं."