ओढणीआडची मुळं

अंगणातल्या पेरूवर एक अनोळखी माणूस चढलेला पाहिला आणि मी खराटाच उचलला.

“ए, खाली उतर! चोर कुठला!”

“चोर असतो तर पेरू तोडले असते, ताई. मी गुटी बांधतोय.”

फांदी हलली आणि सकाळच्या सरीचं पाणी माझ्या अंगावर उडालं. वर एक ओला, सावळा चेहरा गालातल्या गालात हसत होता... आणि म्हणे ‘ताई’! माझा असा काही पापड मोडला!

तो नर्सरीवाला होता, बाबांनीच बोलावलेला. आमचं घर विकलं होतं. नवे मालक गाडीला जागा हवी म्हणून पेरू तोडणार होते, आणि बाबांचा तर त्या झाडात जीव. त्याने फांदीची बोटभर साल गोल सोलली, तिथे ओलं शेवाळ लावलं आणि वरून पारदर्शक प्लास्टिक घट्ट बांधलं.

“इथे मुळं फुटली की फांदी कापायची. झालं नवं झाड.”

“आणि नाही फुटली तर?”

“फुटतील. मी येऊन बघत जाईन ना...”

आणि तो येत राहिला. गुटी बघायला क्षणभर, गप्पा मात्र चहा गार होईपर्यंत. ते ‘ताई’ कधी गळून पडलं, कळलंच नाही. तो यायच्या दिवशी मी उगाच दोनदा केस विंचरायची, आणि बाबा पेपरामागून विचारायचे, “आज पेरूकडे पाहुणे वाटतं?”

एका सकाळी प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसली. मला मात्र आनंद झालाच नाही. आता हा फांदी कापणार... मग कशाला येईल? मी माझी ओढणी गुटीभोवती गुंडाळली.

“ऊन लागत होतं तिला,” मी त्याला सांगितलं.

“एवढ्या ढगाळ हवेत?”

पण त्याने ओढणीवरून हलकेच हात फिरवला आणि ती तशीच राहू दिली.

घर सोडायची वेळ आली, आणि त्या फांदीची पानं पिवळी पडू लागली. बाबा झाडाखाली उभे राहून वर बघत राहत. मला माझीच लाज वाटली. माझ्या लबाडीपायी त्यांचं झाड जाणार होतं! मी त्याला बोलावलं आणि त्याच्यासमोरच ओढणी सोडली. आत तपकिरी मुळांची नुसती दाटी झाली होती.

“केव्हाच आली होती. मी लपवली,” मी सांगून टाकलं. “तू यायचा बंद होशील म्हणून...”

त्याने फांदी कापली, पिवळी पानं खुडली, मुळं ओल्या गोणपाटात अलगद गुंडाळली.

“वाचेल?”

“वाचेल. मला माहीत होतं गं... हाताला कळतं. पण कापली असती, तर माझं इथलं काम संपलं असतं.”

त्याचे कान लाल झाले होते.

“अरे, पण लावायचं कुठे?” पायरीवरून बाबा म्हणाले. “नव्या घराला माती कुठंय?”

“थोडे दिवस सावलीत ठेवू, काका. मग माझ्या दारात. खड्डा खणून ठेवलाय. तुम्ही रोज या... आणि ही—” तो अडखळला, “ही राहायलाच आली तर...”

“खड्डा कधी खणलास?” मी विचारलं.

“तू ओढणी बांधलीस ना... त्याच संध्याकाळी.”

मग मात्र मला राहवलं नाही. बाबा बघत असतानाच मी त्याचा मातीने माखलेला हात घट्ट धरला.