हलिमाचा टाका

सौदीतल्या अल-खोबरच्या बाजारात माझं शिवणाचं दुकान होतं. म्हणजे दुकान कफीलचं, मला तिथे ठेवून घेणाऱ्या अरब मालकाचं; मशीन आणि हात माझे. साल सत्त्याहत्तर. तेलाचा पैसा आला होता, बायकांना रोज नवे झगे हवे असत.

एका सकाळी बिलकिस आली. तिचा नवरा वहाब पॅलेस्टिनी, तेल कंपनीत कारकून. तो बाहेर गाडीतच बसला. तिने पिशवीतून एक काळा झगा काढला. छातीवर लाल रेशमाचं भरतकाम होतं. सरूची उंच, टोकदार झाडं, चंद्र, मध्ये बारीक पानं.

"बाळाराम, एवढा तुकडा उसवून माझ्या नव्या झग्यावर लाव."

"कुणाचा हा?"

"हलिमाचा. त्याची पहिली बायको. वारली ती." मग हळूच म्हणाली, "त्यांचं पॅलेस्टाईनमधलं गाव आता राहिलं नाही. पण ही झाडं बघून बायका गाव ओळखतात, हात ओळखतात. प्रत्येक लग्नात हलिमा, हलिमा… आणि मी समोर उभी असते."

दुपारच्या नमाजाला शटर ओढून मी उसवायला बसलो. तुकडा उलटा केला आणि हात थांबला. उलटी बाजू सुलटीइतकीच स्वच्छ, कुठे गाठ नाही. वीस वर्षं सुई धरत होतो, असा टाका मला जमला नव्हता. खरं सांगतो, त्या मेलेल्या बाईचा मला हेवा वाटला.

"कसं गं जमवलंस हे?" मी मोठ्याने बोलून गेलो.

वीज गेली होती, पंखा बंद. कोंदट अंधारात लिंबाच्या फुलांसारखा वास आला… आणि माझ्या पाठीमागे कापडातून सुई गेल्याचा आवाज. टप्प… मग दोरा ओढल्याचा, सर्र… टप्प… सर्र… नमाज संपेपर्यंत मी मान वळवली नाही.

झगा दिला. चौथ्या दिवशी बिलकिस परत.

"ही वरची ओळ कुणी भरली?"

नव्या कापडावर झाडांची एक रांग उगवली होती. मी ती उसवली. आठवड्याने तिथे दोन होत्या. झाडं गळ्याकडे चढत होती.

"नका घालू हा," मी म्हटलं.

"घालणार. उद्या त्यांच्यात एक लग्न आहे. एकदा तरी माझ्याकडे बघू देत."

लग्नानंतर आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. झगा कात्रीने कापून अंगातून काढलेला. झाडं पार गळ्यापर्यंत.

"बायका बिलगून रडल्या. हलिमा, कधी आलीस, म्हणाल्या. मला… बरं वाटलं रे. घरी वहाबनेही त्याच नावाने हाक मारली. आणि मी ओ दिली." तिने तो कापलेला झगा टेबलावर ठेवला. "हे भरतकाम हलिमाने तिच्या मुलीसाठी ठेवलं होतं. मी पोरीच्या पेटीतून चोरलं. परत तिच्या काळ्या झग्यावर होतं तसं लावून दे."

मी एका बैठकीत लावून दिलं. बिलकिसने ते स्वतः मुलीच्या हातात ठेवलं, आईचं म्हणून सांगितलं. त्यानंतर त्या घरात काही झालं नाही. दुकानात तो आवाजही पुन्हा आला नाही. मी सुटलो असं मला वाटलं.

दोन महिन्यांनी गुहागरहून शालनचं, माझ्या बायकोचं, पत्र आलं.

'इकडे सर्व खुशाल. दुपारी एक बाई पडवीत येऊन बसते. बोली कळत नाही, पण मला टाका शिकवते, उलटी बाजूही सुलटीसारखी. ती आली की लिंबाच्या फुलांचा वास येतो. हात फार सुंदर आहे तिचा. फक्त एक विचारते, रागावू नका. ती तुमचं नाव घेऊन का हसते? खरं सांगा, ती तुमची कोण?'